बिजलीचं नाक

आमच्या घरात आम्ही नऊ जण होतो, त्यांतली पाच गाढवं. माणसं म्हणजे माय, दादा, मी आणि माझा धाकटा भाऊ नामा. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. घर होतं इंद्रायणीच्या काठी, तळवड्याच्या खालच्या अंगाला, एका वीटभट्टीवर. भिंती मालकाला न खपणाऱ्या विटांच्या, म्हणजे जास्त भाजून काळ्या पडलेल्या, वाकड्या, नाहीतर कोपरा उडालेल्या. वर पत्रा, आणि तो वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर पुन्हा विटाच. आम्ही जिंतूरकडचे. दिवाळी उरकली की गाढवांच्या पाठीवर भांडीकुंडी आणि नामाला चढवून निघायचो, ते पंधरा-सतरा दिवस चालत इथं पोचायचो. मिरग जवळ आला की परत. माझं अर्धं लहानपण गाढवांच्या शेपटीमागून चालण्यात गेलं आणि त्याची मला तेव्हा भारी लाज वाटायची. आता त्याच रस्त्यानं मुलाच्या गाडीतून जाताना मी खिडकीला नाक लावून बसते आणि कुठल्या झाडाखाली आम्ही चूल मांडली होती ते शोधते. झाडं तोडलीत हे मला माहीत आहे, तरी शोधते.

सकाळ व्हायची ती बाळ्याच्या ओरडण्यानं. बाळ्या आमचं सगळ्यांत थोरलं गाढव. त्यानं सूर लावला की आमची बाकीची, मग पलीकडच्या खोपीतली, मग भट्टीच्या त्या टोकाची, अशी सगळी लागायची आणि कुणाची झोपायची टाप नसायची. माय गाढवांना शिव्या देत उठायची आणि शिव्या देतच चूल पेटवायची. मग भाकरी थापल्याचा आवाज, काळ्या गुळाचा कोरा चहा, त्यात कालची शिळी भाकरी कुस्करून. दुपारी भाकरीवर ठेचा आणि नदीकाठची चिघळ मिळाली तर तिची भाजी. दादा तोवर विटा वाजवून बघत बसलेला असायचा. दोन विटा एकमेकींवर आपटायच्या. पक्की भाजलेली असली तर खणकन वाजते, कच्ची असली तर बद्द आवाज येतो. पुढे मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात लागले, गाड्यांचे सुटे भाग मोजमापानं तपासत पार निवृत्त झाले, पण प्रत्येक भाग मनातल्या मनात एकदा वाजवून बघायची खोड काही गेली नाही.

आज मी त्याच नदीजवळ अकराव्या मजल्यावर राहते. खाली आयटी पार्कच्या काचा, कंपन्यांच्या बसगाड्या. मला काय हवंसं वाटतं, हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण मला गाढवाचं ओरडणं ऐकावंसं वाटतं. एकदा सुनेला बोलून गेले. ती गुणाची पोर, तिनं लगेच मोबाईलवर शोधून लावलं. कुठल्याशा परदेशातलं धष्टपुष्ट गाढव होतं, छान ओरडलं. पण मला ते ओळखीचं वाटेना. त्या आवाजात शिट्टी नव्हती. सून म्हणाली, "आई, गाढवाच्या आवाजात शिट्टी कुठून असणार?" तिला सांगायला बसले असते तर पोळ्या करपल्या असत्या. म्हणून इथं लिहिते.

बिजली आमचं पाचवं गाढव. भट्टीवर पहिला विजेचा दिवा लागला त्याच आठवड्यात ती जन्मली, म्हणून तिचं नाव बिजली. चालीनं मात्र नावाच्या अगदी उलट. मायच्या हातची चार कामं उरकायची तोवर ही चार पावलं टाकायची. तिची आई तिला जन्म देऊन महिनाभरात गेली, तेव्हा मी तिला शेळीचं दूध चिंधीनं पाजून वाढवलं. त्यामुळे ती मला आई समजायची की आणखी कोण, तिचं तिला ठाऊक. पण मी हातावर गुळाचा खडा घेऊन जिभेनं टक्‌टक् केलं की असेल तिथून यायची. दुसऱ्या कुणी हाक मारली तर कान मागे टाकून उभी राहायची. माय म्हणायची, "ही काय गाढवी न्हाई, सून हाय माही. एकाचं ऐकल तर शपथ." तिच्या नाकाची पांढरी कातडी इतकी मऊ होती की मी माझा गाल तिथं लावून बसायची. तिचा श्वास मानेवर यायचा, गवताच्या वासाचा, गरम. इतक्या वर्षांनंतरही थंडीत मानेला कधी गरम हवा लागली की मला क्षणभर काही सुचत नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या लोकांत शिंगराला ओझ्याला लावायच्या आधी त्याच्या दोन्ही नाकपुड्या वरच्या अंगाला चिरायचे. त्याला 'नाक मोकळं करणं' म्हणत. नाकपुडी मोठी झाली की दम मोकळा होतो, जनावर ओझ्याखाली धापा टाकत नाही, अशी समजूत. दादानं बाळ्याचं नाक मोकळं केलं होतं, आजोबांनी त्यांच्या गाढवांचं. यात कुणाला दुष्टपणा दिसत नसे. उलट जो नाक मोकळं न करताच ओझं टाकील तो निर्दय, असं आमच्याकडे मानायचे. म्हणूनच आमच्याकडचं प्रत्येक गाढव ओरडताना शेवटी शिट्टी वाजवायचं. चिरलेल्या कडा फडफडायच्या, त्यांतून तो आवाज निघायचा. मला वाटायचं, गाढवं अशीच ओरडतात. बिजलीला तिसरं वर्ष लागलं, तेव्हा दादानं न्हाव्याकडून वस्तरा आणला, मायनं हळद कालवली, चुलीतली राख चाळून ठेवली, घुगऱ्या शिजवल्या. आणि दादा मला म्हणाला, "कौसा, बोलाव तिला. माह्याकडं यायची न्हाई ती."

मी गुळाचा खडा घेतला आणि टक्‌टक् केलं. ती आली. मीच तिचे कान धरले. पुढचं मी लिहीत नाही. एवढंच सांगते, की दादा भराभर आणि स्वच्छ काम करत होता, तोंडानं "झालं गं बाय, झालं, झालं" म्हणत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. नंतर त्यानं हळद-राख भरली आणि स्वतःच्या वाटणीच्या सगळ्या घुगऱ्या तिच्यापुढे ठेवल्या. तिनं खाल्ल्या नाहीत. संध्याकाळी मी गूळ घेऊन गेले, टक्‌टक् केलं, तर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आठ दिवस माझ्याकडे आली नाही. नवव्या दिवशी आली तेव्हा तिच्या श्वासात बारीक शिट्टी होती. त्या दिवशी मी दादाशी बोलणं सोडलं. आमच्यात बापाशी अबोला धरायची पद्धत नव्हती, त्यामुळे त्याच्या ते लक्षातही आलं नसावं.

मी तेव्हा तळवड्याच्या शाळेत सातवीत होते. सातवीत म्हणजे दिवाळीनंतरच्या सातवीत. पहिलं सत्र कायम गावाकडे जायचं आणि इथं आले की वर्ग निम्म्या पुस्तकावर असायचा. पोरी मला गाढववाली म्हणायच्या. म्हणोत, होतेच. सहामाहीनंतर मराठीच्या बाईंनी पत्रलेखन दिलं: आपल्या परिसरातील एका गैरसोयीबद्दल संबंधित अधिकाऱ्यास तक्रार अर्ज लिहा. वरती 'प्रति', मग 'विषय', मग 'महोदय', शेवटी 'आपला विश्वासू'. हा सगळा आराखडा फळ्यावर होता. आता अशा अर्जात खरं नाव-गाव लिहायचं नसतं, अ. ब. क. असं लिहायचं असतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. बाईंनी ते पहिल्या सत्रात शिकवलं होतं. पहिल्या सत्रात मी जिंतूरला होते. सगळ्या पोरींनी अ. ब. क. होऊन तुंबलेल्या गटारांबद्दल लिहिलं. मी लिहिलं: विषय, गाढवाचे नाक कापल्याबाबत. खाली दादाचं पूर्ण नाव, भट्टीचा पत्ता, बिजलीचं वय, रंग, वस्तऱ्यानं किती चिरलं ते बोटाच्या मापानं, आणि शेवटी आपली विश्वासू, कु. कौसल्या, इयत्ता सातवी ब.

बाईंनी वही तपासली आणि मला मधल्या सुट्टीत थांबवलं. त्यांचे डोळे लाल झालेले. "हे खरं आहे का गं?" मी म्हटलं, "हो." "पुण्यात जनावरांसाठी काम करणारी एक संस्था आहे. त्यांच्याकडे पाठवू का?" मी मान हलवली. ही गोष्ट मी आजवर कितीतरी लोकांना सांगितली, आणि दर वेळी असं सांगितलं की मला अ. ब. क. ठाऊक नव्हतं, बिचारी लहान पोर, चुकून झालं. लोक हसायचे, हळहळायचे. आता या वयात कुणाची भीती धरायची? मला बाईंचा प्रश्न नीट कळला होता. दादाला कुणीतरी मोठ्या माणसानं येऊन ओरडावं, एवढंच मला हवं होतं. मायचं तो ऐकायचा नाही, माझं ऐकायचा प्रश्नच नव्हता. कायद्याला नुसतं ओरडता येत नाही, तो आला की काहीतरी उचलून घेऊनच जातो, हे मला कोण सांगणार होतं?

जीप आली तेव्हा माय विटांवर राख टाकत होती. दोन पोलीस, जनावरांचे डॉक्टर आणि संस्थेचे एक साहेब, साधेसे, खांद्याला कापडी पिशवी लावलेले. मागे एक टेम्पो. दादा पुढे होऊन आधी चहाचं विचारू लागला. साहेबांनी बिजलीचं नाक बघितलं, डॉक्टरांनी बघितलं, पोलिसानं पंचनामा लिहायला घेतला. दादाला काही उमगेना. "साहेब, म्या मारलं न्हाई तिला. दम मोकळा केला. माह्या बापानं केलं, त्याच्या बापानं केलं. इचारा कुनालाबी."

साहेब चिडले नाहीत. ते म्हणाले, "काका, नाकपुडी चिरल्यानं श्वास वाढत नाही. हवा जाते ती आतल्या नळीतून, ती तुम्ही कुठे मोठी केलीत? उलट आता धूळ, माश्या सरळ आत जाणार. या भट्टीवर किती धूळ आहे बघा."

दादा बाळ्याकडे गेला आणि त्याच्या नाकासमोर तळहात धरून उभा राहिला. बाळ्या कित्येक वर्षं खोकायचा. आम्ही म्हणायचो, म्हातारा झाला. दादा बराच वेळ तसा उभा होता. त्याला ओरडून जे झालं नसतं ते त्या एका वाक्यानं झालं होतं. माझं काम खरं तर तिथंच संपलं होतं. पण पंचनामा अर्धा लिहून झाला होता.

बिजली टेम्पोत चढेना. दोघं ओढतायत, एक मागून ढकलतोय, ती चारी पाय रोवून उभी. पोलीस म्हणाला, "ए बाबा, चढीव की लवकर. आमाला दुपारी बंदोबस्त हाय. न्हाय तर काठी घ्यावी लागंल." जनावराला छळू नये म्हणून आलेली माणसं काठी शोधायला लागली, हे तेव्हा कुणालाच वावगं वाटलं नाही. दादानं माझ्याकडे पाहिलं. "कौसा, तू बोलाव. मारतील न्हाई तर." मायनं मडक्यातून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. मी टेम्पोत चढले आणि टक्‌टक् केलं. बिजली फळीवरून सरळ चालत आली. एकाच महिन्यात मी तिला गुळावर दोनदा फसवलं.

मध्यंतरी आमच्या सोसायटीत नव्या वॉचमननं एका भटक्या कुत्रीला लोखंडी सळईनं झोडपलं. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता गदारोळ. अर्ज लिहायला सगळ्यांना कौसल्याकाकू आठवतात, तसे माझ्याकडे आले. कायद्याचं पुस्तक मी तोंडपाठ असल्यासारखं सांगितलं: जनावराचा अवयव निकामी केला तर कलम वेगळं, त्याला तुरुंगही होतो, पण नुसत्या छळाला पहिल्या वेळी दंड पन्नास रुपयांपर्यंत, आमच्या वेळी होता तेवढाच अजून. एका तरुण मुलीला ते ऐकून रडू आलं. मी तिला म्हटलं, अर्ज देऊच, पण थांब. आणि आधी खाली जाऊन त्या वॉचमनला असं झापलं की शेजारच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. मग त्याला बरोबर घेऊन कुत्रीला दवाखान्यात नेलं. अर्ज संध्याकाळी लिहिला. पोरी म्हणतात, काकूंचं तंत्र उलटं आहे.

कोर्टात दादानं त्याच्या लग्नातलं उपरणं खांद्यावर घेतलं होतं. मलाही बोलावलं होतं, बाईंबरोबर गेले. कारकुनानं तक्रार वाचून दाखवली आणि शेवटचं नाव वाचलं: कु. कौसल्या, इयत्ता सातवी ब. मी बाकाखाली शिरायच्या बेतात होते. दादानं मागे वळून पाहिलं नाही. न्यायाधीशांनी कागद हातात घेऊन पाहिला, काहीतरी म्हणाले, मग विचारलं, गुन्हा कबूल आहे का? दादा म्हणाला, "कबूल हाय साहेब. पर मला ठावं नव्हतं." पन्नास रुपये दंड झाला. आणि बिजलीबद्दल असं लिहिलं, की नाकाची जखम पूर्ण भरून येईपर्यंत तिला पांजरपोळात ठेवावं आणि मग मालकाच्या ताब्यात द्यावं.

घरी येताना दादा पुढे, मी दहा पावलं मागे. मी मार खायच्या तयारीत होते. खरं म्हणजे मला तो हवाच होता. नदीच्या उतारावर तो थांबला. म्हणाला, "जज्जसाहेब म्हनले, पोरीचं अक्षर चांगलं हाय." आणि चालू लागला. घरी मायलाही त्यानं तेवढंच सांगितलं. मग भट्टीवर ज्याला त्याला सांगत सुटला. आपल्यावर खटला झाला हे त्याच वाक्यात सांगावं लागतं, याचं त्याला काही वाटत नव्हतं. मी त्या दिवशी पोटभर रडले आणि अबोला आपोआप सुटला.

गुरुवारी भोसरीच्या कारखान्यांची वीज बंद असायची, ट्रक यायचे नाहीत, म्हणून भट्टीलाही सुट्टी. त्या प्रत्येक गुरुवारी आम्ही बापलेक दोन तास चालत पांजरपोळात जायचो. बिजली मला लांबून ओळखायची आणि ओरडायची, शेवटी ती शिट्टी. दीड-दोन महिन्यांत जखम वाळली. दादा दोर घेऊन गेला, तर तिथल्या कारकुनानं हुकूम काढून दाखवला. "पूर्ण भरून येईपर्यंत, असं लिहिलंय. चीर आहे अजून. दोन्ही बाजू जुळल्यात का?" दादा म्हणाला, "त्या कशा जुळतील मालक? चिरलेलं नाक कंदी जुळलंय का?" कारकून वाईट नव्हता. तो म्हणाला, "मग मी कसं सोडू? माझ्या हातात काय आहे? कागदात आहे ते आहे. अर्ज करा."

अर्ज! आमच्या घरात अर्ज लिहिणारं माणूस एकच. दादा गुरुवारी संध्याकाळी माझ्यासमोर बसायचा आणि मी लिहायची. विषय, गाढव परत मिळण्याबाबत. मी सगळं खरं लिहायची, कुठेच अ. ब. क. नाही. उत्तर यायचं नाही. मिरग आला, भट्टी विझली, सगळ्यांनी गावाकडची वाट धरली, आम्ही राहिलो. एकाला मागे टाकून जायचं नाही, असं दादा म्हणाला. भोसरीच्या एका गोदामात त्यानं हमाली धरली. त्या पावसाळ्यात आमची चार गाढवं माळावर रिकामी चरत होती आणि पोती दादाच्या पाठीवर होती. संध्याकाळी माय त्याच्या खांद्याला तीच हळद-राख लावायची. शेवटी पांजरपोळात एका गुरुवारी ते पिशवीवाले साहेबच भेटले. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि कपाळावर हात मारला. "अगं मुली, पत्ता चुकतोय तुझा. हुकूम कोर्टाचा, तर अर्ज कोर्टाला. आणि जखम बरी झाल्याचा डॉक्टरांचा दाखला जोड." ते स्वतः दाखला घेऊन आले. दसऱ्याच्या सुमाराला हुकूम दुरुस्त होऊन आला: प्राणी मालकाच्या ताब्यात द्यावा.

दादानं रात्रीचा दिवस करून नवा दोर वळला होता, त्याला लाल गोंडे लावले होते. मायनं गुळाचा मोठा खडा बांधून दिला. कारकुनानं हुकूम वाचला, हसला, "घेऊन जा बाबा तुझी लेक" म्हणाला आणि आतलं फाटक उघडलं. बिजली चिंचेखाली उभी होती. मी टक्‌टक् करायच्या आधीच आली. अंगानं भरली होती, पाठ तुळतुळीत, बाळ्यासारखा एकही घट्टा नाही. दादानं तिच्या नाकासमोर तळहात धरला. मग वाकून आत बघितलं. नाक कोरडं होतं, स्वच्छ. भट्टीवर ते कधी तसं नसायचं. त्यानं कारकुनाला विचारलं, "मालक, हितं धूळ न्हाई का?"

"धूळ कशाला असेल? इथे काय भट्टी आहे?"

दादा खाली बसला. दोराचे गोंडे बोटांनी कुरवाळत बसला. मी म्हणाले, "चला ना, ऊन होईल." तो म्हणाला, "कौसा, कागद हाय का?" माझ्या दप्तरात कागद कायम असायचा. "लिव. गाढव आमाला परत देऊ नये."

मी भांडले. इतकी भांडले की चिंचेवरचे कावळे उडाले. मग इतके अर्ज कशाला लिहिले, पावसाळाभर पोती कशाला वाहिली, ती माझी आहे, मी पाजलंय तिला, मी नाही लिहायची. दादानं मला बोलू दिलं. मग म्हणाला, "घरी नेली तर वझं टाकावंच लागंल. रिकामं गाढव पोसाया आपन कोन? आन् त्या धुळीत या नाकानं? म्याच उघडं करून ठिवलंय ते. आता त्या नाकाला सोसल अशी जागा माह्या घरात न्हाई."

मी लिहिलं. प्रति, पांजरपोळ. विषय, गाढव परत न देण्याबाबत. महोदय. अक्षर खराब आलं, कागदावर दोन ठिकाणी शाई फुटली. 'आपला विश्वासू' लिहायच्या आधी दादानं माझा हात धरला. "थांब. अजून एक. गुरवारी येऊ द्या म्हनावं." मी लिहिलं: दर गुरुवारी भेटण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. दादानं अंगठा उठवला. कारकुनानं कागद दोनदा वाचला, लाल शाईनं वर 'मंजूर' लिहून सही केली. आजवर मी लिहिलेल्या सगळ्या अर्जांत जागच्या जागी मंजूर झालेला तेवढा एकच. दादानं पुन्हा कुठल्याच शिंगराला वस्तरा लावला नाही. इतर भट्ट्यांवर जाऊन लोकांना सांगायचा, ते त्याला हसायचे, तरी सांगायचा. आणि बिजली म्हातारी होऊन जाईपर्यंत, सुट्टी असेल त्या गुरुवारी, आम्ही जात राहिलो.

पण त्या दिवशी मी तिला गूळ खाऊ घातला, गाल तिच्या नाकाला लावला, आणि आम्ही निघालो. दादानं नवा दोर कमरेला गुंडाळला होता, चालताना गोंडे हलत होते. फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून ती ओरडली, लांबलचक, शेवटी शिट्टी. "मागं बगू नको," दादा म्हणाला, आणि स्वतःच वळून उभा राहिला.